अंगावरून उतरल्यावर काय उरतं? परफॉर्मन्स आर्टमधले कपडे, शिल्पं आणि आवाज

उलट_टीप (धागाकर्ती)

धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी नाच-नाटकाचे कपडे शिवते. त्यामुळे एखादा भन्नाट पेहराव फोटोत दिसला आणि बाकीचे वा वा करायला लागले की माझ्या डोक्यात वेगळंच चालू असतं. हिला ह्यात घातलं कुठून आणि काढणार कुठून? चेन मागे आहे का? बसता येतं का? मधेच शिंक आली तर?

ह्या खोडीपायीच मी परफॉर्मन्स आर्टकडे वळले. त्याआधी तो प्रकार म्हणजे गॅलरीत कोणीतरी गंभीर चेहऱ्यानं उभं राहणार आणि आपण समजल्यासारखं करायचं, एवढाच मला माहीत होता. मत बदललं ते अमेरिकी कलाकार निक केव्हच्या 'साउंडसूट'मुळे. (गायक निक केव्ह वेगळा. नावाच्या घोळात मी तासभर भलत्याच माणसाची गाणी ऐकली. वाईट नव्हती.)

१९९१ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग ह्या कृष्णवर्णीय माणसाला केलेल्या मारहाणीचं चित्रण सगळीकडे दाखवलं गेलं. केव्ह तेव्हा शिकागोत शिकवत होता, स्वतःही कृष्णवर्णीय. त्या अस्वस्थतेत एका बागेत बसला असताना त्याला खाली पडलेली काटकी दिसली. टाकाऊ, कुणाच्या खिजगणतीत नसलेली. त्यानं काटक्या गोळा केल्या, त्यांचे बोटाएवढे तुकडे केले, एकेकाला भोक पाडलं आणि अंगासरशी बसणाऱ्या कपड्यावर तारेनं ओवत अख्खा सूट केला. (एकेका काटकीला भोक! वाचतानाच माझे खांदे भरून आले.) आपण शिल्प करतोय अशीच त्याची समजूत होती. मग तो सूट त्यानं घालून बघितला, हलला, आणि काटक्या एकमेकींवर घासून सळसळायला लागल्या. नाव तिथून आलं. आत कोण आहे, काळा की गोरा, बाई की पुरुष, गरीब की श्रीमंत, बाहेरून काही कळत नाही. चिलखत आणि खुळखुळा एकाच वेळी.

म्हणजे शिवलाय म्हणून कपडा, बघत राहावं असा आकार आहे म्हणून शिल्प, चाललं की वाजतो म्हणून वाद्य.

आता माझी अडचण. मी हे सूट प्रत्यक्ष पाहिले ते प्रदर्शनात, पुतळ्यांवर चढवलेले. समोर दोरी. देखणे, झगमगीत आणि ठार मुके. अर्धा तास उभी होते. सारखं वाटत होतं की कोणीतरी जाऊन ह्यांना खांद्याला धरून गदागदा हलवावं. पहारेकऱ्यानं ते ओळखलं असणार, तो माझ्या मागे मागेच होता.

तर प्रश्न असा, की जी वस्तू अंगावर असतानाच पुरी होते ती अंगावरून उतरल्यावर काय असते? कलाकृती, की सापाची कात? उदाहरणं येऊ द्या.

---

तिरकस

कात. धागा बंद करा.

गंमत सोडा, पण मला ह्यातलं निम्मं थोतांड वाटतं. कोणी रॅम्पवर मांसाचा झगा घालून येतं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, तिसऱ्या दिवशी सगळे विसरतात. त्याला शिल्प म्हणायचं तर खाटिक मोठाच शिल्पकार झाला.

---

नवशिका_प्रेक्षक

वाचतेय. साउंडसूट पहिल्यांदाच ऐकले (म्हणजे वाचले).

---

डांबरगोळी

तिरकस, तो रॅम्प नव्हता, २०१० चा एमटीव्हीचा पुरस्कार सोहळा होता. झगा लेडी गागाचा. पण तुम्ही नेमकं कामाचं उदाहरण दिलंत, कारण त्याची एक थोरली बहीण आहे.

याना स्टरबॅक ह्या कॅनडातल्या कलावतीनं १९८७ मध्ये कच्च्या मांसाच्या चकत्या शिवून झगा केला होता. नावातच 'व्हॅनिटास' आहे, म्हणजे सगळं नश्वर आहे हे सांगणारी जुनी चित्रपरंपरा. प्रदर्शन चालू असतानाच हे मांस वाळत जातं, काळवंडतं, आक्रसतं. पुढचं प्रदर्शन आलं की झगा नव्यानं शिवायचा. १९९१ साली ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनात तो मांडला तेव्हा अन्नाची नासाडी म्हणून मोठा गदारोळ झाला होता.

गागाच्या झग्याचं उलट झालं. मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या कारागिरांकडून त्यावर प्रक्रिया करून घेतली आणि तो रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये ठेवला.

एक झगा सडण्यासाठी केलेला, दुसरा सडू नये म्हणून धडपड. साहित्य तेच. मी जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते, त्यामुळे मनापासून सांगते, की सडणारा झगा मला जास्त प्रामाणिक वाटतो. आणि सांभाळायला सोपा! काही करायचंच नाही.

---

काळी_पाच

धागा आवडला. मी गाण्या-बजावण्यातला माणूस, कपड्यातलं मला बटण तुटलं एवढंच कळतं. पण 'वाजणं' आणि 'वाजवणं' ह्यात फरक आहे. साउंडसूट घालणारा तो वाजवत नाही, तो फक्त चालतो. आवाज चालण्यातून सांडतो. उलट काही ठिकाणी कपड्यानंच गायला भाग पाडलंय. त्यातला माझा सगळ्यात लाडका किस्सा.

१९१६ चा जून, झुरिक, कॅबरे व्हॉल्टेअर. महायुद्ध पेटलेलं, आणि ह्या छोट्याशा जागेत जमलेली देशोदेशीची तरुण मंडळी पुढे दादावादी (कलेतले अर्थ-संकेत मुद्दाम उधळून लावणारे) म्हणून ओळखली गेली. हुगो बाल तिथे अर्थ नसलेल्या, नुसत्या ध्वनींच्या कविता म्हणणार होता. त्यासाठी त्यानं अंगावर पुठ्ठा चढवला. पायांभोवती कमरेपर्यंत चकचकीत निळ्या पुठ्ठ्याची नळकांडी. वर पुठ्ठ्याचीच प्रचंड मोठी कॉलर, आतून लालभडक, बाहेरून सोनेरी, गळ्याशी अशी बांधलेली की कोपरं वर-खाली केली की पंखांसारखी फडफडावी. डोक्यावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची उंच टोपी.

आता ह्या वेषात माणूस चालणार कसा? चालता येईना. दिवे घालवून त्याला अंधारात उचलून मंचावर नेऊन ठेवलं. तीन बाजूंना तीन नोटेशन स्टँड, त्यांवर कागद. एका स्टँडचं संपलं की दुसऱ्याकडे वळायचं आणि पंख फडफडवायचे. सुरुवात संथ झाली, पण शब्द जड जड होत गेले आणि पुढे न्यायचं कसं ते त्याला कळेना. डायरीत त्यानं लिहून ठेवलंय, की तेव्हा आपल्या नकळत आवाजाला कॅथलिक चर्चमधल्या जुन्या प्रार्थनांचा हेल लागला. लहानपणी कानावर पडलेला. शेवटी ठरल्याप्रमाणे दिवे गेले आणि घामानं निथळणाऱ्या त्या धर्मगुरूला लोकांनी उचलून खाली आणलं.

मी ह्याचा अर्थ असा लावतो, की पाय बांधले गेले म्हणून चालता येईना, आणि म्हणूनच चाल सापडली. सुटसुटीत सदरा-विजारीत उभा असता तर हातवारे करून वेळ मारून नेली असती.

उरलं काय? एक फोटो आणि डायरीतली काही पानं. पुठ्ठा गेला. मला तरी त्याची चुटपुट लागत नाही.

---

उलट_टीप

काळी पाच, "चाल सापडली" ह्याला दंडवत.

आणि कॉलर गळ्याशी बांधलेली! म्हणजे सगळा भार मानेवर. हा बाप्या दुसऱ्या दिवशी मान वळवू शकला नसणार. एवढ्या मोठ्या कॉलरचा भार खांद्यावर किंवा कमरेच्या पट्ट्यावर उतरवायचा असतो. पण मग पंख फडफडले नसते, तेही खरंच.

---

मधल्या_रांगेतला

फॅशनवाल्यांची बाजू मांडतो, कारण इथे रॅम्प म्हटलं की लगेच नाकं मुरडली जातायत.

फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅकक्वीन, सप्टेंबर १९९८, लंडन. शोचा शेवट. मॉडेल शॅलम हार्लो पांढऱ्या शुभ्र घेरदार झग्यात एका फिरत्या लाकडी तबकावर उभी. दोन बाजूंना दोन यंत्रमानव, गाड्यांना रंग मारायचे असतात तसले. आधी ते आळस दिल्यासारखे हलतात, तिला हुंगल्यासारखं करतात, ती अंग चोरते. मग काळ्या आणि पिवळ्या रंगाच्या चिळकांड्या झग्यावर. ती गोल फिरत हातांनी तोंड झाकते. शेवटी झोकांड्या खात प्रेक्षकांसमोर येते. झगा बरबटलेला.

ह्याचं बीज जर्मन कलावती रेबेका हॉर्नच्या १९९१ च्या एका मांडणीत आहे. टांगलेल्या दोन बंदुका लाल रंग एकमेकींवर झाडतात. मॅकक्वीननं दोघींच्या मध्ये माणूस उभा केला.

आता धागाकर्तीच्या प्रश्नाकडे. हा झगा शो सुरू व्हायच्या आधी अपुरा होता. उतरल्यावर पुरा झाला. पुढे तो संग्रहालयात मांडला गेला तेव्हा त्यावरचे डाग हीच त्या काही मिनिटांची नोंद होती. म्हणजे प्रत्येक वेळी कातच उरते असं नाही. कधी कधी पुरावाही उरतो.

---

तिरकस

रक्ताचे डाग पडलेला शर्टही पुरावाच असतो. तो कोर्टात ठेवतात, गॅलरीत नाही.

(पण तो व्हिडिओ बघितला. यंत्रं हुंगतात तो भाग जबरदस्त आहे. हे मी लिहिलं असं कोणाला सांगू नका.)

---

डांबरगोळी

रेबेका हॉर्नचं नाव निघालंच आहे तर उलट_टीप ताईंसाठी. तरुणपणी ही बाई पॉलिएस्टर आणि फायबरग्लासमध्ये शिल्पं करायची, तोंडाला मास्क न लावता. फुप्फुसांत विष भिनलं. वर्षभर आरोग्यधामात काढावं लागलं. अंथरुणात पडून जड काही करणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं कापड आणि मऊ साहित्य हाती घेतलं आणि शरीराला जोडायच्या वस्तू शिवायला सुरुवात केली. लांबच लांब बोटांचे हातमोजे, पेन्सिली बसवलेला मुखवटा. तो तोंडावर बांधून भिंतीसमोर मान हलवली की भिंतीवर रेघा उमटतात.

आणि १९७० ते ७२ दरम्यानचं 'आइनहॉर्न', म्हणजे एकशिंगी. अंगभर पांढरे पट्टे आणि डोक्यावर उंच सरळ शिंग. ते बांधून एक तरुणी शेतांतून चालत जाते. शिंग डोक्यावर असलं की पाठ आपोआप ताठ होते, पाऊल मोजून पडतं. कपडा तुम्हाला चालायला शिकवतो.

ही शिल्पं संग्रहालयांत आहेत. मांडून ठेवलेली बघितली की आधी दवाखान्यातल्या पट्ट्यांची आठवण होते. ती कुठून आली हे माहीत असेल तर जास्तच.

---

उलट_टीप

अंथरुणात शिवत बसलेली हॉर्न डोळ्यांसमोरून जाईना. आजारपणात मीही शिवलंय, पण फक्त उशांचे अभ्रे.

---

पायघोळ

मला ह्या सगळ्यात ब्राझीलच्या एलिओ ओइटिसिका ह्या कलाकाराचं नाव हवं होतं. १९६४ पासून त्यानं 'पारांगोले' केले. कापड, प्लास्टिक, गोणपाट अशा थरांचे झूल-वजा अंगरखे. तो स्वतः रिओच्या मँगेइरा वस्तीत सांबा शिकलेला. त्याचं म्हणणं, हे बघायचं नाही, घालून नाचायचं. नाचताना थर उलगडतात, आतले रंग बाहेर येतात. उभं राहून बघणाऱ्याला अर्धंच दिसतं, घालणाऱ्याला वेगळंच काही कळतं.

१९६५ मध्ये रिओच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तो मँगेइराच्या नर्तकांना पारांगोले घालून, वाद्यांसकट घेऊन गेला. त्यांना आत येऊ दिलं नाही. मग संग्रहालयाबाहेरच नाच झाला.

आता गंमत बघा. तेच पारांगोले आज मोठमोठ्या संग्रहालयांत हँगरवर लटकलेले असतात, हात लावू नका अशी पाटी. कुठे कुठे प्रेक्षकांसाठी नकला ठेवतात, त्या घालून आरशासमोर फोटो काढता येतो. कपडे आत पोचले. नाचणारे अजून बाहेरच आहेत असं मला वाटतं.

---

नवशिका_प्रेक्षक

+१

---

मधल्या_रांगेतला

+१, फक्त नकला ठेवण्यात मला वावगं दिसत नाही. मूळ वस्तू पवित्र मानणं हे ओइटिसिकाच्याच विरुद्ध जातं. कोणीतरी घालून नाचतंय ना? मग ती नक्कल मुळापेक्षा मूळ.

---

डांबरगोळी

नकलेचा विषय आलाय तर आमच्या धंद्यातली दोन प्रकरणं.

पहिलं, आत्सुको तानाका. जपानच्या गुताई ह्या प्रयोगशील कलाकारांच्या गटातली. १९५६ मध्ये तिनं 'इलेक्ट्रिक ड्रेस' केला. रंगवलेले जवळजवळ दोनशे दिवे, नळ्या आणि बल्ब, वायरींच्या जाळ्यात गुंफून अंगभर. तो घालून ती प्रेक्षकांसमोर उभी राहिली. दिवे लुकलुकतायत, बाई आतून भाजतेय, आणि वायरिंगमध्ये काही चुकलं तर झटका. आज जो आपण बघतो तो १९८६ मध्ये पुन्हा बांधलेला आहे. तो लोंबकळतो, पेटतो, सुंदर दिसतो. धोका मात्र गेला. धोक्याचं जतन कसं करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

दुसरं, जर्मन कलाकार योझेफ बॉइसचा नमद्याचा (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा) सूट, १९७०. त्याच्याच एका सुटावरून बेतलेला, बाह्या आणि पाय जास्त लांब, शंभर प्रती काढल्या. नमदा त्याच्यासाठी ऊब आणि निवारा. १९६६ मध्ये त्यानं अख्खा पियानो नमद्यात शिवून टाकला होता, आवाज आत कोंडून. काळी पाच, हे तुमच्यासाठी. तर लंडनच्या टेट कलासंग्रहालयाकडे ह्या सुटाची एक प्रत होती. १९८९ मध्ये तिला कसर लागली. इतकी, की सूट वाचवण्यापलीकडे गेला आणि १९९५ मध्ये संग्रहातून रीतसर कमी केला.

माझं टोपणनाव का आहे ते आता कळलं असेल.

---

तिरकस

कसरीनं केलेलं हे जगातलं सर्वोत्तम परफॉर्मन्स आर्ट.

---

काळी_पाच

तिरकस 😂

तो नमद्यातला पियानो मी फोटोत पाहिलाय. अंगावर काटा येतो. न वाजणारं वाद्य म्हणजे नुसतं फर्निचर, असं मी म्हणायचो. पण हा पियानो गप्प बसलाय असं वाटतं, आणि गप्प बसायला आधी बोलता यावं लागतं.

आता मूळ प्रश्नाबद्दल. आमच्याकडे ह्याचं उत्तर फार पूर्वीच सापडलंय, त्याला नोटेशन म्हणतात. मैफल संपली की काही उरत नाही, तरी चीज उरते. जपानी कलावती योको ओनोचा 'कट पीस' घ्या. ती आपल्या चांगल्या कपड्यांत मंचावर बसते, समोर कात्री. प्रेक्षकांनी एकेक करून यायचं, कपड्याचा तुकडा कापायचा आणि घेऊन जायचं. पहिल्यांदा १९६४ मध्ये क्योटोत. फॅशन म्हणून बघा, तर अंगावर असताना उलट्या दिशेनं शिवलं जाणारं वस्त्र. शिल्प म्हणून बघा, तर हलायचं नाही असं ठरवून बसलेली बाई आणि जमाव तिला कोरतोय. पण तिचं शिक्षण संगीतातलं होतं, आणि तिनं हे काम लिहून ठेवलं ते सूचनांच्या रूपात, स्वरलिपीसारखं. त्यामुळे २००३ मध्ये पॅरिसला सत्तरीत तिनं ते परत केलं. दुसरेही करतात. कपडा तर मुळात उरणारच नव्हता. तुकडे लोक घरी घेऊन गेले.

आणि अमेरिकी कलावती लॉरी अँडरसन राहिलीच. १९७० च्या दशकात ती बर्फाच्या लाद्यांत गोठवलेले स्केट्स पायांत घालून रस्त्यावर व्हायोलिन वाजवायची. व्हायोलिनच्या आतच स्पीकर, त्यातून टेप चालू, आणि ही त्या टेपच्या जोडीनं वाजवणार. टेपला अंत नाही, ती फिरतच राहते. मग थांबायचं कधी? बर्फ वितळला, पाती जमिनीला टेकली, तोल गेला, मैफल संपली. पायातले बूट हेच घड्याळ! असा ताल कुठल्या गुरूनं शिकवलाय सांगा.

---

पायघोळ

आहाहा. त्या मैफलीनंतर उरलं थोडंसं पाणी.

---

तिरकस

बरं, आता माझी पाळी. हे सगळं वाचून काल रात्री शोधत बसलो आणि एक जोडगोळी सापडली ती मनापासून आवडली. गिल्बर्ट आणि जॉर्ज. लंडनमधले दोन शिल्पकलेचे विद्यार्थी. स्टुडिओ नाही, पैसा नाही, मग म्हणाले आम्हीच शिल्प. चेहरे आणि हात धातूसारखे रंगवलेले, अंगात नीटनेटके सूट, आणि दोघं टेबलावर उभे. खाली जुनं इंग्रजी गाणं लागलेलं, कमानींखाली झोपणाऱ्या बेघरांचं. हे त्यावर यंत्रातल्या बाहुल्यांसारखे सावकाश हलतात. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात हातमोजा. गाणं संपलं की एक जण खाली उतरतो, पुन्हा लावतो, काठी आणि हातमोज्याची अदलाबदल, परत वर. १९७० मध्ये हे दिवसाला आठ-आठ तास चालायचं.

माझ्यासारख्याला हे पटतं, कारण ह्यात काही विकायला ठेवलेलं नाही. आणि सूट साधा, ऑफिसात घालायचा. भडक पेहरावाशिवायही हे जमतं तर.

---

मधल्या_रांगेतला

तिरकस बाटले. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

फक्त एक. विकायला ठेवलेलं नाही वगैरे भोळसटपणा नको. आज त्या दोघांची चित्रं जगभरातल्या संग्रहालयांत आहेत, आणि साध्या सुटाचीच त्यांनी आयुष्यभर ओळख करून घेतली. लोगोच म्हणा ना. फॅशन भडकच असते असं कोण म्हणालं?

---

पायघोळ

अवांतर: २०२२ मध्ये पॅरिसला कोपर्नी ह्या फॅशन ब्रँडच्या शोमध्ये मॉडेल बेला हदीदच्या अंगावर फवारा मारून कपडा तयार केला होता. द्रवातले तंतू हवेत वाळून कापड होतं. ते मॅकक्वीनच्या यंत्रांची पुढची आवृत्ती म्हणायचं का?

---

उलट_टीप

पायघोळ, मी ते शिंपिणीच्या नजरेनं बघितलं. फवारल्यावर एक बाई येऊन खांद्याचा पट्टा खाली सरकवते आणि कात्रीनं मांडीवर चीर देते. तेवढ्यानं त्याचा कपडा झाला. त्याआधी तो लेप होता. पण मॅकक्वीनच्या मुलीला यंत्रांची भीती वाटत होती, किंवा तसं वाटावं असं ती वागत होती. इथे सगळे त्या तंत्रावर खूश होते. मला भीतीवालं आवडलं.

आता धागा इतका चांगला चाललाय तर माझी फजिती सांगूनच टाकते.

साउंडसूटचं खूळ डोक्यात असताना एका नर्तकीसाठी मीही वाजणारा पोशाख केला. काटक्या नाही, लाकडी बटणं. मोठी, जुन्या कोटांची असतात तशी. दोन-दोन बटणं पाठीला पाठ लावून दोऱ्यात ओवली आणि जाड सुती अंगरख्यावर ओळींत टाचली, म्हणजे हलली की टकटक व्हावी. आठवड्याभरात बोटांची चाळण. पहिल्या चाचणीत कळलं की दोरा सैल ठेवला तर बटणं एकमेकांत अडकून गप्प होतात, आणि घट्ट ठेवला तर हलतच नाहीत. मधलं माप सापडायला पुन्हा सगळं उसवावं लागलं. खांद्यांत दुहेरी कॅनव्हास घातला, तरी दोन तालमींनंतर तिच्या गळ्याच्या हाडांवर वळ उठले. मग आतून कमरेला पट्टा दिला आणि निम्मा भार तिथे उतरवला.

तालमीच्या रिकाम्या खोलीत काय वाजायचा म्हणून सांगू! छपरावर पाऊस सुरू व्हावा तसा. ती नुसती श्वास घेऊन थांबली तरी चार-दोन थेंब पडायचे.

प्रयोगाच्या दिवशी मंचावर जाड गालिचा, मागे-बाजूला मखमली पडदे, आणि आयोजकांनी ऐन वेळी ठरवलेलं पार्श्वसंगीत, तेही मोठ्यानं. एक टक ऐकू आलं नाही. प्रयोगानंतर एक गृहस्थ येऊन म्हणाले, "बटणांचं नक्षीकाम छान होतं हो." नक्षीकाम!

तेव्हा एक कळलं, जे मला त्या प्रदर्शनात कळायला हवं होतं. पोशाख अंगावर होता, अंग नाचत होतं, तरी तो मुकाच होता. म्हणजे नुसतं अंग पुरत नाही, खोलीही लागते. आणि गप्प बसणारे लोक.

---

काळी_पाच

अहो, आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं, गालिचा आणि मखमल आवाज पिऊन टाकतात. मंचाखाली लाकडी फळ्या हव्यात. पोशाखाच्या आतच कॉलर माइक लावला असता तरी भागलं असतं. आणि पार्श्वसंगीताला माझ्याकडून चार शिव्या.

केव्हनं २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात तीस घोडे नाचवले होते, एकेका घोड्यात दोन नर्तक, अंगभर लांब गवतासारख्या झिरमिळ्या. तिथे दगडी फरशी, उंच छत. झिरमिळ्यांची सळसळ घुमणारच. त्यानं जागा विचार करून निवडली असणार.

---

नवशिका_प्रेक्षक

एक बाळबोध प्रश्न. मग संग्रहालयांनी करायचं तरी काय? कपडे रोज कोणाला घालायला दिले तर फाटणार, नाही दिले तर मुके.

---

डांबरगोळी

बाळबोध नाही, आमच्याकडे ह्याच प्रश्नावर भांडणं होतात. आणि तुमच्या प्रश्नावरच बेतलेला एक प्रयोग झालाय.

२०१२, पॅरिस. फॅशनचा इतिहासकार ऑलिव्हिए सायार आणि अभिनेत्री टिल्डा स्विंटन. संग्रहालयातले जुने कपडे इतके नाजूक, की ते कोणाच्या अंगावर घालणं शक्यच नाही. मग तिनं ते घातलेच नाहीत. साधा पांढरा कोट, हातात पांढरे मोजे, आणि एकेक कपडा दोन्ही हातांवर आडवा घेऊन ती चालत आली. कोणाला झोपलेल्या मुलासारखं धरलं, कोणाला अंगासमोर धरून आरशात बघितलं, कुठल्या कॉलरला नाक लावून वास घेतला. नेपोलियनचा कोटही त्यात होता. कपडे कोणाच्या अंगावर चढले नाहीत, अंगच त्यांच्याजवळ गेलं.

माझ्या माहितीत आमच्या मोजेवाल्या कामाचं मंचावर आलेलं हे एकमेव रूप. आम्ही रोज तळघरात हेच करतो, फक्त बघायला कोणी नसतं. आणि वास घ्यायला बंदी आहे.

उलट_टीप, तुमचा बटणांचा पोशाख कुठे आहे आता? हँगरवर असेल तर आधी खाली उतरवा. एवढ्या वजनानं खांद्याची शिवण तुटेल. आडवा ठेवा, बाह्यांत आणि खांद्यांत मऊ कागदाचे बोळे, वर धुतलेल्या सुती कापडाची घडी. लाकडाला ओल लागू देऊ नका.

---

उलट_टीप

हँगरवरच होता, आणि डाव्या खांद्याला दोन टाके गेलेच होते. पुन्हा घातले. सांगितलंत तसा आडवा ठेवलाय, बोळेही भरले.

इतके दिवस कपाटाचं दार उघडलं की आत वाजायचा. आता वाजत नाही. घरचे खूश आहेत.

---

काळी_पाच

दार उघडल्यावर वाजायचा हे आधी सांगायचं ना! रेकॉर्ड करून ठेवलं असतं. एकदा परत टांगा, पाच मिनिटं. मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

डांबरगोळी

पाच मिनिटंच.